फ्लॅटमध्ये पिल्लू आणलंय, शू-शीचं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, दोन कुत्री लहानाची मोठी झाली. पहिली बुंदी, पॉमेरेनियन. दुसरा गोट्या, पाथर्डी फाट्याजवळ भर पावसात सापडलेला गावठी. बुंदीच्या वेळी करता येतील तेवढ्या सगळ्या चुका मी केल्या आणि गोट्याच्या वेळी त्या निस्तरायला शिकले. तेव्हापासून लिफ्टमध्ये, जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मला हेच विचारतात. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचा भाग आला की तुमच्या पशुवैद्यांचं ऐका. बाकी फरशी पुसण्याचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे.

पिल्लू किती दिवसांत शिकतं?

जागा कळायला दोन-तीन आठवडे. भरवसा ठेवावा इतकं पक्कं व्हायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. "आमचं तर आठ दिवसांत शिकलं" असं सांगणाऱ्यांच्या घरचं पायपुसणं एकदा हुंगून बघा.

दोन महिन्यांच्या पिल्लाचा लघवीवर ताबाच नसतो. शू आली हे त्याला समजेपर्यंत ती होऊनही गेलेली असते. हा ताबा वयाप्रमाणे येतो, रागावल्याने येत नाही. शिहत्झू, पॉम, पग, डॅशहुंड अशा लहान चणीच्या पिल्लांना मोठ्या जातींपेक्षा जास्त वेळ लागतो. एक तर मूत्राशय लहान. आणि दुसरं कारण आपण: लॅब्रेडॉरच्या पिल्लाने केली तर बादली-पोछा काढावा लागतो, पॉमने केली तर आपण टिश्यूने टिपतो आणि विसरतो. पिल्लू मात्र ती जागा विसरत नाही.

आमचं पिल्लू झोपतं तिथेच करतं. असं का?

ते कुठून आणलं, हे आधी आठवा. पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की अंथरुणापासून लांब जाऊन शू करायला आपसूक शिकतात, त्यासाठी फक्त लांब जायला जागा हवी. लहान पिंजऱ्यात दाटीवाटीने वाढलेल्या पिल्लाला ती जागाच मिळालेली नसते. मग घाणीत झोपायची सवय लागते आणि ती मोडणं सगळ्यात अवघड जातं.

श्वान प्रजनन आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराची, डोळे नुकते उघडल्यासारखी पिल्लं लोक कौतुकाने घरी आणतात. आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं, मोकळ्या जागेत वाढलेलं पिल्लू तुमचं निम्मं काम करूनच घरात येतं. आणून झालंच असेल तर अंथरूण रोज धुवा, झोपायची जागा बेताची ठेवा आणि पुढच्या प्रश्नातलं वेळापत्रक दुप्पट काटेकोरपणे पाळा.

किती किती वेळाने न्यायचं?

जागं असताना लहान पिल्लाला दर पाऊण-एक तासाने. शिवाय चार वेळा ठरलेल्या: झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, भरपूर पाणी प्यायल्यावर आणि दंगामस्तीच्या मध्येच. खाण्यानंतरची वेळ तर घड्याळासारखी येते, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. तान्ह्या बाळाची आई हे कुणी न सांगता ओळखते.

किती तास धरू शकेल याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास, तेही झोपेत. लहान जातींना यातून थोडं वजा करा.

चार दिवस एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी कागद चिकटवा आणि शू, शी, जेवण, झोप यांच्या वेळा लिहा. घरातल्या प्रत्येकाने लिहायच्या. पाचव्या दिवशी कागद वाचलात तर कळेल की हे पिल्लू "कधीही कुठेही" करत नाही, त्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे. आमच्या बुंदीचं संध्याकाळी सात ते साडेसात हे ठरलेलं होतं. तेव्हा घरात सगळे एकदम परत येत, दारात गोंधळ असे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसे.

खुणाही असतात. खेळता खेळता एकदम थांबणं, नाक जमिनीला लावून गोल गोल फिरणं, सोफ्यामागे किंवा पडद्याआड निघून जाणं. ही खूण दिसली की प्रश्न विचारत बसायचं नाही, उचलायचं.

जागा कोणती ठरवावी? बाल्कनी, बाथरूम की खाली?

हे पिल्लू आणण्याआधी ठरवायचं. बहुतेक घरांत ते आणल्यावर आठ दिवसांनी, भांडण होऊन ठरतं.

तुम्हाला दोन वर्षांनी ते कुत्रं कुठे जायला हवं आहे? उत्तर "खाली" असेल तर घरातली जागा तात्पुरती आहे हे डोक्यात ठेवून ती दाराच्या जवळ करा. उत्तर "घरातच" असेल, म्हणजे घरात म्हातारी माणसं आहेत, लिफ्ट नाही किंवा कुत्रं चार किलोच्या वर जाणारच नाही, तर कायमची जागा पहिल्याच दिवशी नक्की करा आणि हलवू नका. दोन्ही चालतं. आज बाल्कनी, उद्या बाथरूम, परवा "अरे कुठेही करू दे, पुसू" हे चालत नाही.

बाल्कनी सोयीची, पण तिचे तीन प्रश्न आहेत. गजांमधून पिल्लू निसटू नये म्हणून जाळी लावावी लागते. धुतलेलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं की संबंध संपले. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी फरशी इतकी तापते की पिल्लू पाय टेकवत नाही. बाथरूम धुवायला सोपी, पण दार सतत उघडं हवं आणि फरशी कोरडी. ओल्या, गुळगुळीत टाइल्सवर एकदा घसरलेलं पिल्लू तिथे पुन्हा जायला आठवडा घेतं. फिनेल आणि टॉयलेट क्लीनरच्या बाटल्या मात्र उंचावर.

धुवायच्या जागेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला ड्राय बाल्कनी म्हणतात तिथे, आम्ही ट्रे ठेवला होता. वॉशिंग मशीन सुरू झालं की बुंदी घाबरून जाईना. मग मशीन लावायची वेळ बदलली. ट्रे हलवला नाही.

पॅड, वर्तमानपत्र की गवत?

पिल्लू ज्या प्रकारच्या पृष्ठभागावर सुरुवातीचे आठवडे शू करतं, त्याची त्याला पायाखाली सवय होते. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या वयात ही आवड पक्की व्हायला लागते. म्हणून हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुल्लक नाही.

वर्तमानपत्र जवळजवळ फुकट पडतं, पण ओल शोषत नाही, पायाला लागून घरभर ठसे उमटतात आणि शाई लागते ती वेगळी. त्याहून मोठी अडचण पुढे येते. कागदावर करायचं हे शिकलेल्या कुत्र्याला कालचा कागद आणि आजचा कागद यातला फरक कळत नाही. सासरे सकाळी जमिनीवर पेपर पसरून वाचायला बसले, चहा घ्यायला आत गेले आणि परत आले तेव्हा अग्रलेख भिजलेला होता. चूक बुंदीची नव्हती.

पॅड, म्हणजे डायपरसारखे जमिनीवर पसरायचे चौकोन, ओल शोषून घेतात, वापरायला सोपे, पण महिन्याचा खर्च जाणवतो आणि काही पिल्लं ते फाडून गिळतात. फाडणारं पिल्लू असेल तर जाळीचा ट्रे घ्या, पॅड खाली अडकतो. पहिले पंधरा दिवस पॅड एकच नको. तीन-चार शेजारी शेजारी पसरा, मग एकेक कमी करा. नवा पॅड टाकताना जुन्याचा ओला कोपरा कापून त्यावर ठेवा, वासाने जागा सापडते.

पुढे खाली न्यायचं असेल तर माझं मत गवताला. उथळ ट्रेमध्ये नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा ठेवायचा, दहा-बारा दिवसांनी बदलायचा. ट्रेला भोकं आणि खाली पाणी धरायला दुसरा ट्रे. गावठी पिल्लांना साध्या मातीचाही ट्रे चालतो. गोट्याला आम्ही कुंडीतलीच माती पसरून दिली होती आणि तो तीन दिवसांत शिकला. त्यानंतर तुळशीची कुंडी मात्र स्टुलावर गेली. प्लॅस्टिकचं हिरवं गवत रोज धुणार असाल तरच घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी वासाने पाहुणे दारातूनच परत जातील.

सगळी फरशी मोकळी असताना पायपुसण्यावरच का करतं?

कारण ते मऊ आहे, ओल शोषतं आणि तुम्ही ज्या पॅडवर करायला शिकवताय त्याच्यासारखंच पायाला लागतं. पिल्लाच्या हिशेबाने ते बरोबर आहे. दोन-तीन महिने पायपुसणी, चटया, सतरंज्या, जमिनीवरची गोधडी सगळं गुंडाळून कपाटावर टाका. गादी खाली असेल तर त्या खोलीचं दार बंद. घर ओकंबोकं दिसतं, पण या एका बदलाने निम्म्या चुका थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

नेमकं शिकवायचं कसं?

वेळ झाली की त्याच जागी न्या. एकच शब्द वापरा. आमच्याकडे "शू कर" होता, तुमच्याकडे काहीही असू दे. पण आजीचा "सू सू", मुलीचा "पॉटी" आणि बाबांची शिट्टी असे तीन नकोत. उभे राहा, खेळवू नका, फोन बघू नका. केलं की लगेच, म्हणजे दोन-तीन सेकंदांत, कौतुक आणि नखाएवढा खाऊ. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून खाऊ आणलात तर पिल्लाला वाटतं की तो खाऊ स्वयंपाकघरात धावत येण्याबद्दल मिळाला. खाऊ खिशात हवा.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर परत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या किंवा पट्टा कमरेला बांधून ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा न्या. घरभर फिरायची मुभा म्हणजे नुकतीच शू केलेल्या पिल्लाचा हक्क, बाकीच्या वेळी नाही. एवढंच तंत्र आहे. अवघड आहे ते घरातल्या पाच जणांनी पाच आठवडे तसंच वागणं. आमच्याकडे सर्वांत उशिरा शिकला तो माझा नवरा.

रविवारी जास्त चुका होतात असं अनेक जण सांगतात. त्यात गूढ काही नाही. आठवडाभर साडेसहाला उठणारं घर रविवारी आठला उठतं आणि लगेच मखमलाबाद रोडला मिसळ खायला निघतं. पिल्लाला रविवार कळत नाही.

पिंजऱ्यात किंवा कुंपणात ठेवणं क्रूर नाही का?

शिक्षा म्हणून कोंडलं तर क्रूरच. झोपायची सुरक्षित जागा म्हणून, दार उघडं ठेवून, आत खाऊ टाकून सवय लावली तर पिल्लू आपणहून जाऊन झोपतं. जागा एवढीच हवी की उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल. फार मोठी असेल तर एका कोपऱ्यात झोपणं आणि दुसऱ्यात शू असा संसार मांडला जातो. पिंजऱ्यात शू झाली तर बहुतेक वेळा आपण जास्त वेळ ठेवलेलं असतं.

रात्रीचं काय?

दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला रात्री एकदा-दोनदा न्यावंच लागतं. ते रडायची वाट पाहू नका, गजर लावा: झोपायच्या आधी एकदा, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास आणि पहाटे साडेपाचला. दिवा मंद, बोलणं नाही, लाड नाहीत. शू झाली की परत अंथरुणात. रात्री दोनला गोड बोललात तर उद्यापासून ते दोनला खेळायला उठवेल. पंधरा दिवसांनी मधला गजर अर्ध्या तासाने पुढे ढकला, आणखी थोडे दिवसांनी पुन्हा.

संध्याकाळचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. पाणी मात्र दिवसभर बंद करू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. निजायच्या तास-दीड तास आधी भांडं उचललं तरी पुरतं, आणि कोरडं खाणं खाणाऱ्या पिल्लाला तहान जास्त लागते हे लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा लहान पिल्लं उबेतून बाहेर यायला बघत नाहीत. त्या दिवसांत ट्रे बाल्कनीतून आत घ्या.

दोघंही नोकरीला जातो. दिवसभर घरी कुणी नाही.

मग खरं सांगायचं तर दोन महिन्यांचं पिल्लू आणायची ही वेळ नाही. वर्षभराचं, शिकलेलं कुत्रं दत्तक घेणं जास्त शहाणपणाचं. आणलंच असेल तर पहिले दहा-पंधरा दिवस दोघांनी आळीपाळीने रजा घ्या. नंतर एक खोली किंवा कुंपण घातलेला कोपरा द्या. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड. दुपारी कुणीतरी एकदा येईल असं बघा, शेजारच्या काकू, कॉलेजला जाणारा मुलगा, कुणीही. सातपूर-अंबडला शिफ्ट ड्युटी करणारी घरं आठवड्याला वेळ बदलतात, तिथे पिल्लाचा घोळ होतो. माणसांची शिफ्ट बदलू दे, पिल्लाच्या जेवणाची वेळ तीच ठेवा.

चूक झाली तर रागवायचं का? नाक घासलं की शिकतं म्हणतात.

नाही शिकत. म्हणजे शिकतं, पण भलतंच. "माणसासमोर शू केली की मार बसतो" हे शिकतं. मग ते तुमच्यासमोर पॅडवरही करत नाही, पलंगाखाली जाऊन करतं. खाली नेल्यावर तास तासभर धरून ठेवणारी आणि घरी येऊन कोपरा गाठणारी बरीच पिल्लं अशीच तयार झालेली असतात. बुंदीच्या बाबतीत मी हे स्वतः केलंय आणि तो धडा पुसायला तीन महिने गेले.

करताना दिसलं तर टाळी वाजवून किंवा "ए, ए" म्हणून थांबवा, उचला, जागेवर न्या. उरलेलं तिथे झालं तर कौतुक. नंतर दिसलं तर काहीच करायचं नाही, फक्त पुसायचं. पाच मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि तुमच्या रागाचा संबंध त्याला लावता येत नाही.

पण ते मुद्दाम करतं. चेहऱ्यावर अपराधी भाव दिसतो.

कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट आत घेणं ही कुत्र्यांची भीतीची आणि नमतं घ्यायची भाषा. तुमचा आवाज आणि खांदे बघून ते तसं करतं. सूड घ्यायला शू वापरण्याइतकं राजकारण पिल्लाला येत नाही.

फरशी कशाने पुसायची?

आधी कोरड्या कापडाने किंवा जुन्या पेपरने टिपून घ्या. थेट ओला पोछा मारला की वास खोलीभर पसरतो.

आपल्याला वास आला नाही म्हणजे तो गेला असं नाही. लघवीतले वास देणारे घटक साध्या साबणाने पूर्ण निघत नाहीत, आणि पिल्लाच्या नाकाला ते "इथे करतात" अशी पाटी वाटते. प्राण्यांच्या दुकानांत एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते यासाठीच. बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्यायचं, लगेच पुसून काढायचं नाही. तात्पुरतं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं चालतं, पण फक्त व्हिट्रिफाइड टाइल्सवर. जुन्या इमारतींतल्या शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीला आम्ल लागलं की डाग कायमचा.

तीन गोष्टी टाळा. एक, अमोनियाचं क्लीनर, कारण लघवीलाही तसाच वास येतो. दोन, ब्लीच आणि लघवी एकत्र: त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. तीन, आपलं लाडकं फिनेल. फिनॉल असलेली जंतुनाशकं कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. पिल्लू ओल्या फरशीवर चालतं आणि मग पाय चाटत बसतं. वापरायचंच असेल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा. गोमूत्राचं फिनेल तर मी पिल्लाच्या घरात आणणारच नाही. दुसऱ्या जनावराच्या लघवीचा वास जमिनीला लावून वर पिल्लाला इथे करू नको म्हणायचं, हे काही जमत नाही.

देवघरासमोर केलं. आजी घरात राहू देईनात.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, यावरून पिल्लं परत गेलेली मी पाहिली आहेत. देवघर बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात किंवा त्याच्या तोंडाशी असतं. तिथे लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा आणि सहा महिने पिल्लाला आत घेऊ नका. तेल आणि उकळत्या पातेल्यांपासूनही ते लांब राहतं. दुसरं, खाऊ द्यायचं काम आजींकडे सोपवा. आमच्या सासूबाई पहिला आठवडा पदर सावरून बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात शू झाल्याची बातमी हॉलमध्ये त्याच आणायच्या.

खाली नेलं की अर्धा तास नुसतं हुंगतं आणि घरात पाऊल टाकताच करतं.

बाहेर गाड्या, मुलं, भटकी कुत्री. पिल्लाला तिथे मोकळं वाटत नाही, घरात वाटतं. दूर फिरवू नका. गेटजवळची एकच शांत जागा धरा आणि तिथे उभे राहा. घरातला ओला पॅड खाली नेऊन त्या जागी ठेवा. आणि शू झाल्या झाल्या वर आणू नका. फिरणं तिथेच संपतं हे हुशार पिल्लांच्या लगेच लक्षात येतं, मग ती धरून ठेवतात. आधी शू, मग बक्षीस म्हणून फेरी.

लस पूर्ण झालेली नाही. खाली न्यायचं का?

पार्व्हो या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लांचा जीव घेतो. लसींचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. तोवर भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू ठेवू नका. घरातला ट्रे त्यासाठीच. पण त्याला कडेवर घेऊन जरूर खाली न्या. आवाज, माणसं, रिक्षा बघू देत, नाहीतर चौथ्या महिन्यात जमिनीवर ठेवल्यावर ते थिजून उभं राहील. वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील.

पावसाळ्यात?

जून ते सप्टेंबर घरात एक ट्रे कायम ठेवा, कुत्रं मोठं झालं तरी. काही जण ओल्या गवतात पाय घालतच नाहीत. बुंदी पार्किंगच्या छताखालीच उभी राहून माझ्याकडे बघायची. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्याकडून माणसांनाही. त्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. परत आल्यावर पाय कोरडे करा, बोटांच्या मध्ये गोचीड बघा.

दिवाळीत शिकलेलं सगळं विसरलं!

विसरलं नाही, घाबरलंय. फटाक्यांच्या आठवड्यात अंधार पडायच्या आत शेवटची फेरी उरका आणि रात्री ट्रे आत ठेवा. दिवाळी संपली की पुन्हा जुनं वेळापत्रक.

पाहुणे आले की उत्साहात जागच्या जागी शू होते.

ही शिकवणुकीची चूक नाही, त्याला ते कळतही नाही. बहुतेक पिल्लांची ही सवय वाढत्या वयात सुटते. पाहुण्यांना सांगा: आल्या आल्या वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, पाच मिनिटं लक्षच द्यायचं नाही. नंतर खाली बसून छातीपाशी खाजवायचं.

खाण्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध. भांडं दिवसभर भरलेलं असेल तर शीची वेळ कधीच कळणार नाही. दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी वाढा, पंधरा मिनिटांनी भांडं उचला.

दूध-पोळी ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. अनेक कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाब झालेल्या पिल्लाला कोणतीही जागा शिकवता येत नाही. दही-भात बहुधा सोसतो.

आणि नाशिककरांसाठी ठळक अक्षरांत: द्राक्षं नाहीत. मनुका, बेदाणेही नाहीत. थोड्याशा द्राक्षांनीही कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे घरोघरी पेट्या येतात, मुलं एकेक मणी टाकून कुत्र्याला झेल शिकवतात. पेटी टेबलावर ठेवा आणि खाल्ल्याचा संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा. कांदा-लसूणही नको, त्यामुळे शेवचिवड्यातला वाटाही बंद.

स्वतःची शी खातं!

पिल्लांमध्ये सर्रास दिसतं. झाल्या झाल्या उचला, हाच उपाय. जंताचं औषध वेळेवर दिलंय ना, ते बघा.

पाच-सहा महिन्यांचं झालं, शिकलेलं होतं, आता पुन्हा घरात करायला लागलं.

नर असेल आणि खुर्चीच्या पायावर, पडद्यावर थोडी थोडी उडवत असेल तर तो वयात येतोय. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला आणि तोवर महिनाभर पहिल्या आठवड्यासारखे वागा. मादी अचानक दर दहा मिनिटांनी थेंब थेंब करत असेल, कुंथत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा पाणी फार पीत असेल तर ते शिकवणुकीचं नाही, लघवीच्या मार्गाच्या जंतुसंसर्गाचं किंवा दुसऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. जुलाब आणि उलट्या एकदम सुरू झाल्या आणि पिल्लू मलूल पडलं तर तासांचा हिशेब असतो.

डायपर घालून चालेल का?

प्रवासात, लग्नकार्यात एखाद-दुसरा तास. रोज घातला तर ते डायपरमध्ये करायला शिकेल, दुसरं काही नाही.

सोसायटीवाले लिफ्ट वापरू देत नाहीत.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. हा कागद जवळ ठेवा, पण पहिल्या भांडणात बाहेर काढू नका. आधी खिशात पिशवी ठेवा, पट्ट्याशिवाय नेऊ नका, लिफ्टमध्ये झालं तर वॉचमनला हाक न मारता स्वतः पुसा. शी कागदात गुंडाळून कचऱ्यात. वापरलेले पॅड वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून, पिशवीवर खूण करून घंटागाडीत द्या. ओल्या कचऱ्यात ढकललेत तर ते हाताने वेगळं करणाऱ्या माणसाचा विचार करा.

पॅड बंद कधी आणि कसे करायचे?

सलग महिनाभर चूक नसेल तेव्हा. पॅड रोज वीतभर दाराकडे सरकवा, मग दाराबाहेर, मग खाली. घाई केलीत तर मधल्या कुठल्यातरी टाइलवर शू होणार, मग दोन दिवस मागे या.

गावी किंवा नातेवाइकांकडे नेलं तर?

पिल्लाने "आपलं घर" शिकलेलं असतं, "घर" ही कल्पना नाही. नव्या घरी चपला काढायच्या आधी त्याला जागा दाखवा, पहिले दोन दिवस पट्टा कमरेला. गोट्याला पुण्याला बहिणीकडे नेलं तेव्हा मी हे केलं नाही. तिने दारातच नवीन कोरं पायपुसणं टाकलेलं होतं.